'नॅचरल बॉर्न सिटिझन'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मावसबहीण अमेरिकन नागरिक आहे, बाळंतपणाला आईकडे पुण्यात आली आणि मुलगा इथेच झाला. बारशाला एका काकांनी पेढा तोंडात टाकता टाकता जाहीर केलं, बाळा तू तिकडे काय वाट्टेल ते हो पण प्रेसिडेंट काही होऊ शकत नाहीस, त्याला अमेरिकेत जन्मलेला लागतो. मी म्हटलं घटनेत तसं नाहीये, 'नॅचरल बॉर्न सिटिझन' असं लिहिलंय, तर म्हणे मग मराठीत सांग. अडकलेच ना मी. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून आणलेला बाळाचा कागद काढून बघितला, त्यावर 'नॅचरल' शब्दच नाही, जन्माच्या वेळी नागरिकत्व मिळालं एवढंच.

– जन्मसिद्ध म्हणा की. टिळकांनी करून ठेवलाय तयार.

– छे, जन्मसिद्ध हक्क असतो, माणूस नाही. जन्मजात म्हटलं की मला दवाखाना आठवतो, जन्मजात व्यंग वगैरे. आणि 'नैसर्गिक नागरिक' म्हणजे सेंद्रिय गुळाच्या शेजारी ठेवल्यासारखं वाटतं.

– मुळात हा नॅचरल निसर्गातला नाहीच. जुन्या इंग्लिश कायद्यात राजाची 'नॅचरल बॉर्न' प्रजा असायची म्हणजे जन्मानेच प्रजा, आणि बाहेरच्याला कायद्याने तसं मानून घेतलं की तो 'नॅचरलाइझ' झाला. आपल्याकडे जोडी आयती आहे, औरस आणि दत्तक. १७८७ मध्ये अमेरिकेची घटना लिहिली जात असताना जॉन जे या मुत्सद्द्यांनी वॉशिंग्टनना पत्र लिहून सुचवलं की सरसेनापतीपद (तिकडे ते राष्ट्राध्यक्षाकडेच असतं) 'नॅचरल बॉर्न' नागरिकाशिवाय कुणाला देऊ नका, परक्यांची धास्ती होती. आता वॉशिंग्टन स्वतःच ब्रिटिश प्रजा म्हणून जन्मलेले, त्यामुळे घटना स्वीकारताना जे नागरिक असतील तेही चालतील अशी सोय करून घेतली. जन्मापासून अमेरिकन असा पहिला अध्यक्ष म्हणजे व्हॅन ब्युरेन, जन्म १७८२.

– औरस नको बाई, लगेच अनौरस डोक्यात येतो. दत्तक मात्र चपखल. श्री ठाणेदार बघा, चिकोडीत जन्म, बेळगावात वाढले, आज मिशिगनमधून अमेरिकन संसदेत आहेत. श्वार्झनेगर ऑस्ट्रियात जन्मून कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. दत्तकाला सगळं मिळतं, गादी तेवढी नाही. १८४८ ला साताऱ्याला डलहौसीने हेच केलं होतं :)

– नॅचरलाइझ्डला 'स्वीकृत नागरिक' पण वाचलंय. पण स्वीकृत म्हटलं की आमच्याकडे निवडणुकीत पडलेला नगरसेवकच डोळ्यासमोर येतो, मागच्या दाराने आलेला.

– काकांचं चुकतंय ते वेगळ्याच ठिकाणी, जन्म कुठे झाला आणि जन्मताना नागरिक होता का हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिली बेटी माहेरी जन्मते म्हणून ती आजोळच्या घराण्याची होते का? मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले, १९३६ ला, टेड क्रूझ कॅनडात कॅलगरीला, आई अमेरिकन, दोघंही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. १७९० च्या कायद्यात तर परदेशात झालेल्या नागरिकांच्या मुलांना चक्क 'नॅचरल बॉर्न' म्हटलेलं, १७९५ ला तो शब्द गुपचूप काढला, का ते ज्याने त्याने लावावं. उलट बाजूने वाँग किम आर्क, सॅन फ्रान्सिस्कोत जन्म, आईबाप चिनी, १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला जन्माने नागरिक ठरवलं. म्हणजे मातीने पण मिळतं, रक्ताने पण. रक्ताने मिळालेला राष्ट्राध्यक्षपदाला चालतो असं बहुतेक कायदेपंडित म्हणतात पण सुप्रीम कोर्टाने त्यावर निकाल असा दिलेला नाही.

– म्हणून 'अमेरिकेत जन्मलेला' हे भाषांतर नाहीच, तो भाषांतरकाराने दिलेला निकाल आहे. पेपरवाल्यांना कळवा कुणीतरी.

– मी आपलं 'जन्मतः नागरिक' धरते. कागदाशीही जुळतं, आणि माती की रक्त ते उघडं राहतं. काकांना फोनवर वाचून दाखवलं सगळं. म्हणाले बरं, पण पस्तिशी आणि तिकडे चौदा वर्षं राहणं ही अट आहे ना, मग आधी त्याला मान धरू दे.