लहान मुलांचा मेंदूमृत्यू: दुसरी तपासणी ‘नंतर’ म्हणजे कधी?

कोलशेतची मावशी:
बहिणीचा मुलगा दहा महिन्यांचा होता. बाथरूममधल्या भरलेल्या बादलीत पडला. ठाण्यातल्या एका रुग्णालयात तिसऱ्या दिवशी सांगितलं, मेंदू काम करत नाही, पहिली तपासणी झाली, दुसरी नंतर करू. नंतर म्हणजे कधी? तीनदा विचारलं. “सर सांगतील.” त्या रात्री तळव्याला बोट लावलं की त्याचा पाय आखडायचा. आई म्हणाली, बघा, पोर जिवंत आहे. हा रिफ्लेक्स नुसत्या मणक्यातूनही येतो, हे आम्हाला तिथे कुणीच सांगितलं नाही.

अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या 2014 च्या नियमांत नमुना 10 आहे, म्हणजे मेंदूमृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म. मोठ्या माणसांसाठी दोन तपासण्यांत किमान 6 तास. मुलांसाठी एवढंच, की तज्ज्ञांच्या मताप्रमाणे अंतर वाढवावं. आकडा नाही! अमेरिकेत 2011 च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं: 30 दिवसांपर्यंतच्या बाळासाठी 24 तास, पुढे 18 वर्षांपर्यंत 12. आपल्याकडेही आकडा हवा, आणि तो आईबापांना आधी सांगायला हवा.

पीआयसीयू नर्स, नेरुळ:
पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, मी काम करते. तुमच्या बाळाचं वाचून वाईट वाटलं. तरी आकड्याला माझा विरोध आहे. आकडा लिहिला की सगळे घड्याळच बघतात. फिट्स थांबवायला दिलेली औषधं अंगात असतील, पोर 34 डिग्रीला थंड पडलं असेल, तर 12 तासांनंतरची तपासणीही चुकीचीच. त्यात तान्ह्याची टाळू भरलेली नसते, कवटीचे सांधे सुटे असतात. मेंदू सुजला तरी आतला दाब मोठ्यांइतका चढेलच असं नाही, त्यामुळे मेंदूत थोडं रक्त फिरत राहू शकतं आणि रक्तप्रवाहाचा रिपोर्ट गोंधळात टाकतो. हे खाटेशी उभ्या डॉक्टरलाच ठरवू द्या.

कळवेकर:
मला भीती वेगळीच आहे. अवयवांसाठी घाई होत असेल तर?

पीआयसीयू नर्स, नेरुळ:
मेंदूमृत्यूच्या दाखल्यावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही त्यांत चालत नाही.

कोलशेतची मावशी:
ताई, मी ‘किमान’ म्हणतेय. किमान 12 लिहिलं म्हणून डॉक्टरांना 30 तास थांबायला कोण अडवतं? आत्ता मात्र कुणी सहाच तासांत उरकलं, तर आम्ही कशावर बोट ठेवून विचारायचं? आणि श्वासाच्या चाचणीला आईबापांना जवळ उभं राहू द्या. आम्ही काचेबाहेर होतो. आजी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली होती, टाळूवर घालायला.

पीआयसीयू नर्स, नेरुळ:
आकड्याबद्दल माझं मत तेच आहे. जवळ उभं राहू देण्याबद्दल मात्र सांगते. त्या चाचणीत ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर सोडवतात, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 60 मिमी पाऱ्याच्या वर जाईपर्यंत छाती हलते का बघतात. आमच्याकडे एका बाबांना डॉक्टरांनी थांबू दिलं होतं. त्यांनी छातीवरची नजर हलवली नाही. शेवटी स्वतःच म्हणाले, “नाही घेत तो श्वास.” मग त्यांनी बाळाचे मोजे मागितले.