मदत हवी आहे: बाबांना डेंग्यू, ताप उतरला पण प्लेटलेट ९४,०००. भरती करू का?

अयोध्यानगरची (सोमवार, रात्री ८:५०)

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, चुका पोटात घाला.

बाबा ६४ वर्षांचे. गुरुवारी दुपारी अचानक हुडहुडी भरली आणि ताप १०३ वर गेला. डोळ्यांच्या मागे ठणका, आणि अंग इतकं दुखायचं की कूस बदलतानाही कण्हायचे. चौकातल्या दवाखान्यात 'व्हायरल आहे, सध्या हेच सुरू आहे' म्हणून अँटिबायोटिक मिळालं आणि कमरेत दुखण्याचं इंजेक्शन. शनिवारी मीच हट्ट करून रक्त तपासायला लावलं. एनएस१ (डेंग्यूची तपासणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट १,४१,०००. आज सकाळी ९४,०००.

पण आज सकाळपासून ताप नाही! गोळी न देता ९८.६. बाबा उठून बसले, तर्री पोहे मागितले, आईने पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढले.

पुण्याहून भाऊ सारखा फोन करतोय, आजच भरती करून प्लेटलेट चढवून घ्या म्हणतो. मामा म्हणतात पपईच्या पानांचा रस द्या, दवाखान्याची गरज नाही. आज दोनदा पाजला. दुपारपासून पोट दुखतंय म्हणतात, तीनदा उलटीही झाली, पण ती रसामुळेच असेल, कडूजहर असतो तो. आणखी एक, बाबांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. रक्त पातळ करायची आणि बीपीची गोळी रोज चालू आहे. ती द्यायची का?

९४,००० ला खरंच भरती करतात का? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

खव्वय्या_नागपुरी (रात्री ८:५८)

काहून टेन्शन घेऊन राहिल्या ताई? ताप उतरला म्हणजे सुटले बाबा. बकरीचं दूध द्या. आमच्या गल्लीत बकरीवाला सध्या आमदारापेक्षा जास्त भाव खाऊन राहिला.

सिरिंजवाली (रात्री ९:०४)

ताई, धागा नंतर वाचा, आधी बाबांना घेऊन निघा. मी वॉर्डात २२ वर्षं काढली आहेत, उगाच घाबरवत नाही.

तुम्ही प्लेटलेटचं विचारलंत, पण मला काळजी पोटदुखीची आणि उलट्यांची आहे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप गेल्यानंतरचे २४ ते ४८ तास. आज बाबांचा पाचवा दिवस. या काळात रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपायला लागतं. माणूस बसलेला, बोलत असलेला दिसतो आणि आतून रक्त घट्ट होत जातं, बीपी घसरतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून जाणं किंवा उगाच तगमग, हातपाय थंड पडणं, यातलं एक दिसलं तरी प्लेटलेट दीड लाख असल्या तरी दवाखाना. उलटी रसाने झाली की डेंग्यूने हे घरी बसून ठरवता येणार नाही.

निघायच्या आधी दोन गोष्टी बघा. बीपीचं मशीन असेल तर मोजा. वरच्या आणि खालच्या आकड्यात २० किंवा त्याहून कमी अंतर असेल (समजा १०० आणि ८४) तर रिक्षा बघत बसू नका, १०८ ला फोन करा. दुसरं, शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. सहा तासांत झाली नसेल तर गेल्या गेल्या डॉक्टरांना ते सांगा.

बीपीची गोळी डॉक्टरांनी बघेपर्यंत देऊ नका. रक्त पातळ करायची गोळी मात्र आपल्या मनाने चालूही ठेवायची नाही आणि बंदही करायची नाही. चालू ठेवली तर रक्तस्राव, बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना गाडीतूनच फोन लावा. गोळ्यांच्या पट्ट्या आणि दोन्ही रिपोर्ट सोबत घ्या.

अयोध्यानगरची (रात्री ९:१३)

बीपी १०४/८०. लघवी दुपारी दोनला झाली होती. निघतोय. सरकारी मेडिकल कॉलेज की जवळचं खासगी?

सिरिंजवाली (रात्री ९:१४)

जिथे रात्रीतून दोन-तीनदा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) होऊन लगेच रिपोर्ट मिळतो आणि फिजिशियन हजर असतो तिथे. मेडिकल, मेयो दोन्ही सरकारी दवाखान्यांत ते होतं. तुमच्या भागातून मेडिकल जवळ. रस्त्यात थोडं थोडं ओआरएस पाजत राहा.

खव्वय्या_नागपुरी (रात्री ९:२०)

माफ करा ताई, मी वरवर वाचलं. रात्री कुणाची गरज पडली तर सांगा, मी नंदनवनलाच राहतो.

लॅबवाला (रात्री १०:३५)

ताई दवाखान्यात असतील, तोवर बाकीच्यांसाठी लिहितो. आमच्याकडे सध्या रोज लोक रिपोर्ट हातात घेतात, प्लेटलेटचा आकडा बघतात आणि बाकीचा कागद घडी घालून खिशात. त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट लिहिलेलं असतं. तोच आकडा सांगतो रक्त किती घट्ट झालंय ते. ४० वरून ४८ वर गेला म्हणजे २० टक्के वाढ, आणि त्याच वेळी प्लेटलेट पडत असतील तर पाणी झिरपतंय. म्हणून पहिल्या दिवसाचा सीबीसी जपून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

तपासणीबद्दलही. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत करा, त्यानंतर आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी). सहाव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही.

मामांच्या_बाजूने (रात्री ११:०२)

पपईच्या रसाने माझ्या साळ्याच्या प्लेटलेट दोन दिवसांत ३०,००० वरून ९०,००० झाल्या. डोळ्यांनी बघितलंय.

सिरिंजवाली (रात्री ११:१५)

झाल्या असतील भाऊ. धोक्याचा काळ सरला की त्या तशाच झपाट्याने चढतात, रस घेतला तरी आणि नाही घेतला तरी. श्रेय मग त्या दिवशी जे पोटात होतं त्याला मिळतं, कधी किवी, कधी पपई, कधी ती बिचारी बकरी. माझं भांडण रसाशी नाही, पण त्याने उलटी झाली की पोटात जायचं पाणीही जातं.

आणि प्लेटलेट चढवण्याबद्दल. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय चढवत नाहीत. औषध म्हणाल तर मोजून पाणी, आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, आपल्या मनाने घेतलेली अ‍ॅस्पिरिन, काही नको. कमरेतलं इंजेक्शन तर अजिबात नाही. डेंग्यू विषाणूमुळे होतो, अँटिबायोटिकचा त्याला काही उपयोग नाही.

काटोलकर (मंगळवार, सकाळी ७:१०)

थोडं विषयांतर, पण सध्याच्या दिवसांत लिहायलाच हवं. प्रत्येक ताप व्हायरल नसतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफस आला होता, तेव्हा आमचे काका नऊ दिवस 'व्हायरल' म्हणून तापात पडून होते. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. मेयोत एका तरुण डॉक्टरने सगळे कपडे काढून तपासलं, तर कमरेच्या नाडीखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली. दुखत नव्हती म्हणून काकांना पत्ताच नाही. बागेतल्या गवतातला किडा चावलेला, अगदी बारीक, डोळ्यांना दिसतही नाही. हा आजार जिवाणूचा. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. शेतात, गवतात वावरणाऱ्याला ताप आला तर काख, जांघ, कंबर नीट बघा. सगळ्यांना अशी खपली उठत नाही, तेव्हा डॉक्टरांना शेताचं नक्की सांगा.

अयोध्यानगरची (मंगळवार, दुपारी १:३०)

बाबा भरती आहेत. पोचलो तेव्हा पीसीव्ही ४९, शनिवारच्या रिपोर्टमध्ये ४१ होता. मी तो आकडा कधी बघितलाच नव्हता. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी. सलाईन मोजून देताहेत, स्टेंट आहे म्हणून जास्तच जपून. दर दोन तासांनी बीपी. रक्त पातळ करायच्या गोळीचं दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले, सध्या थांबवली आहे. प्लेटलेट ५२,०००, चढवायच्या नाहीत म्हणाले. भावाला समजावताना माझंच बीपी वाढलं.

निवांत_महाल (मंगळवार, दुपारी २:०५)

ताई, घरी कुणी असेल तर कूलर बघायला सांगा. मे महिन्यात लावलेला कूलर आपण दिवाळीला काढतो. पावसाळ्यात बंद, पण टाकीत वीतभर पाणी तसंच.

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात, कोरडी झाली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. काथ्याच्या ब्रशने टाकी घासायची, खसही काढून वाळवायची. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा जमलं तरी साखळी तुटते. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटलीही बघा. घरात ताप असलेल्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायचं, नाहीतर त्याला चावलेला डास पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला गाठतो.

आमच्या महालात मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत आपण ओरडतो, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि घरी येऊन त्याच कूलरजवळ पाट मांडून जेवतो.

अयोध्यानगरची (शुक्रवार, संध्याकाळी ६:२०)

बाबा आज घरी आले. प्लेटलेट ३४,००० पर्यंत गेल्या होत्या, काहीही न चढवता आज ८८,०००. पीसीव्ही ४०. अंगावर लाल पुरळ आणि तळव्यांना खाज आहे, ती बरं होतानाची म्हणाले.

कूलर बघितला. आमचा कोरडा होता, मी लगेच शेजाऱ्यांवर संशय घेतला. मग आई म्हणाली, गच्चीवर जुना कूलर आहे ना, बाबांनी पक्ष्यांना पाणी म्हणून ठेवलेला. टाकीत वळवळ स्पष्ट दिसत होती. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आता गोळीचं. सोमवारी सीबीसी करून हृदयाच्या डॉक्टरांकडे बोलावलंय, तोवर थांबवायची आहे. आणि तर्री पोह्यांचं दिवसातून चारदा विचारताहेत. कधी देऊ?

सिरिंजवाली (शुक्रवार, संध्याकाळी ६:४१)

पोहे उद्या द्या, तर्री सोमवारच्या रिपोर्टनंतर. पक्ष्यांना मातीचं पसरट भांडं ठेवा, रोज ओतून घासायचं.