मदत हवी आहे : नकाशा बायांनी काढला, पाणी बायांनी तपासलं, पण ठरावात त्यांचं म्हणणं कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूरच्या बाजूला एका लहान संस्थेत पाणी आणि आरोग्याचं काम करते. ज्याबद्दल विचारतेय तो एक कोलाम पोड आहे. कोलाम या आदिवासी समाजाच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. गट ग्रामपंचायतीचं मुख्य गाव नाल्यापलीकडे. दोन्हींची नावं मुद्दाम लिहीत नाही.

अडचण फ्लोराइडची आहे. पोडातल्या बोरिंगचं पाणी चवीला गोड, दाराशी आणि बारमाही. पण प्रयोगशाळेच्या अहवालात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर आलं. आपल्या मानकाप्रमाणे १ पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. गावाकडच्या उघड्या विहिरीचं पाणी १ च्या आत आहे. खडकातलं फ्लोराइड खोल बोअरच्या पाण्यात जास्त उतरतं आणि उथळ विहिरीत बरेचदा कमी सापडतं, इथेही तसंच. म्हणजे कागदावर उत्तर सोपं: पिण्यापुरतं पाणी विहिरीवरून आणा आणि पुढे त्याच विहिरीवरून पोडापर्यंत नळ टाका. तेच पुढे सरकत नाहीये.

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

चावडीसमोरच्या सारवलेल्या जागेवर पोडाचा नकाशा काढला. राख, विटेचा चुरा, पऱ्हाटीच्या काड्या आणि सरकी एवढंच सामान. घर म्हणजे खडा, आणि त्या घरात रोज येणारा एक गुंड (हंडा) पाणी म्हणजे एक सरकी. काठी सुरुवातीला एका तरुण पोराकडे होती, तो रस्ता आणि विजेचे खांब काढत राहिला. बायांनी काठी घेतल्यावर नकाशा बदलला. पायवाटा आल्या. कोणाची सून बाळंतीण आहे म्हणून शेजारीण तिचे दोन गुंड भरते, हे आलं. वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा गावातलेच लोक रांगेला असतात, हेही आलं. इतकी माहिती आमच्या सर्वेक्षणाच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती.

मग तपासणीचा संच घेऊन बसलो. नमुन्यात थेंब टाकले की रंग गुलाबी राहतो, फ्लोराइड जास्त असेल तर पिवळ्याकडे जातो. थेंब बायांनीच टाकले. बोरिंगचं पाणी पिवळं पडलं तशी एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या दवेनंच पाणी पिवळं झालं का?" आणि तिने आमच्याच बाटलीतलं पाणी तपासायला लावलं. ते गुलाबी राहिलं. मग विहिरीचं, मग घरातल्या माठातलं, मग अंगणवाडीतलं. माझ्या मते त्या दुपारी त्या म्हातारीने जे केलं, तेच खरं शिक्षण होतं. आम्ही लावलेल्या पोस्टरने ते कधीच झालं नसतं.

यानंतर ग्रामसभा. ठिकाण ग्रामपंचायत कार्यालय, वेळ सकाळी अकरा, दिवस कापूस वेचणीचे. कोरमअभावी तहकूब झाली आणि पुढच्या सभेला पोडातून मोजकी माणसं आली. प्रश्न आला, "पोडाला विहिरीचं पाणी मान्य आहे ना?" सगळे म्हणाले, "हो." विषय मंजूर, सह्या-अंगठे, पुढचा विषय.

त्याच संध्याकाळी बोरिंगवर बाया वेगळंच बोलत होत्या. विहिरीवर गेलं की आपला गुंड बाजूला ठेवायला सांगतात. तरण्या पोरीला एकटीला त्या वाटेने धाडता येत नाही. उन्हाळ्यात आम्हाला शेवटचा नंबर. आणि नळ आला तर मोटर चालू करणारा माणूस गावातला, त्याची मर्जी. यातलं एकही वाक्य सभेच्या इतिवृत्तात नाही. अभियंत्याच्या आराखड्यातही नाही, कारण तिथे फक्त अंतर, उंची आणि पाइपचा व्यास आहे.

विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी पीआरएमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाची पाहणी करण्याच्या पद्धतीत, 'काठी लोकांच्या हाती द्या' यावर भर दिला, ते आम्ही प्रशिक्षणात शिकतो. नकाशापुरती काठी जाते, पण ठरावाची लेखणी जात नाही. माहिती गोळा करण्यापुरताच लोकसहभाग हा मला अन्याय वाटतो. ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्या नावावर, त्यांनी न घेतलेला निर्णय चढतो.

तर विचारायचं ते हे:

बोरिंगवर बोललेलं ठरावापर्यंत कसं न्यायचं? बोलणारी बाई उघडी पडता कामा नये. तिला उद्या त्याच गावात मजुरीला जायचं आहे.

दातांबद्दल कसं बोलायचं? पोडातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर फ्लोराइडचे पिवळे-तपकिरी डाग आहेत. ते दाखवून विषय पटकन समजावता येतो, पण लग्नाच्या वयाच्या मुली ओठ मिटून बसतात. मला ते नको आहे.

आणि सभा मराठीत चालते, म्हाताऱ्या बाया आपसात कोलामीत बोलतात. चित्रांवर चालणारी काही साधनं कोणी वापरली आहेत का?

प्रतिसाद १ (जलस्वराज्य प्रकल्पात काम केलेला)

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे. बहुतेक ठिकाणी ती नुसती वहीत होते. ती पोडाच्या चावडीवर, दिवेलागणीनंतर घ्यायला लावा आणि तिचं इतिवृत्त तिथेच लिहून तिथेच मोठ्याने वाचून दाखवा. "महिला सभेचे म्हणणे असे की..." एवढंच लिहायचं, कोणा एकीचं नाव येत नाही.

त्याआधी पिशवी मतदान करा. स्वच्छतेच्या कामात ही पद्धत जुनी आहे. लुगड्याचा आडोसा करायचा, मागे पिशव्यांऐवजी तीन-चार मडकी, प्रत्येकावर एक चित्र: विहिरीवरून डोक्यावर पाणी, विहिरीवरून नळ, बोरिंगवर फ्लोराइड काढायचं यंत्र, छपराचं पावसाचं पाणी साठवणं. प्रत्येकीला एक तुरीचा दाणा, एकेकीने आत जायचं. दाणे त्यांच्यातल्याच दोघींनी सर्वांसमोर मोजायचे. मात्र मडक्यांवरचे पर्याय तुम्ही ठरवू नका. आम्ही एका गावात पर्याय छापून नेले होते, बायांनी मुकाट्याने दाणे टाकले आणि नंतर कळलं की त्यांना हवा असलेला पर्याय तिथे नव्हताच.

आकड्यापेक्षा मोजणीनंतरची चर्चा मोलाची. "या मडक्यात इतके कमी का?" असं विचारलं की कोणी स्वतःबद्दल बोलत नाही, मडक्याबद्दल बोलतं. गुंड बाजूला ठेवायला लावतात ही गोष्ट तेव्हा बाहेर येते, आणि ती अटीच्या रूपात लिहून घेता येते: पोडाला स्वतंत्र नळजोडणी, उन्हाळ्यातली पाळी आधी ठरलेली, मोटरची एक किल्ली पोडाकडे. पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात हा जल जीवन मिशनचा निकष आहे. त्यातल्या पोडातल्या किती, ते आधी बघा.

प्रतिसाद २ (ग्रामीण आरोग्यात काम)

दातांना हात लावू नका, असंच सांगेन. कमल कार यांनी १९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशात राजशाही जिल्ह्यात उघड्यावरच्या शौचाबद्दल जी पद्धत उभी केली, तिच्यात किळस आणि लाज जागी करणं हा गाभा होता. आपल्याकडे गुड मॉर्निंग पथकांनी, म्हणजे पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणाऱ्या सरकारी पथकांनी, त्यातली फक्त लाज उचलली, तीही बाहेरच्यांनी घातलेली. उघड्यावर बसण्याची सवय माणूस बदलू शकतो. डाग पडलेला कायमचा दात त्या मुलीला बदलता येत नाही. जे तिच्या हातात नाही त्याची लाज तिला का द्यायची?

बोलणं धाकट्यांवर न्या. कायमचे दात साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असतात, त्यामुळे आज अंगणवाडीत असलेल्यांचे वाचवता येतात. आईला हे लगेच भिडतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं, हे संचावरच दाखवा. इथे उकळण्याचा सल्ला इतका पक्का बसलाय की सांगून पटत नाही.

आणखी एक. सगळं पाणी बदलायचं नाहीये. दूषित स्रोताच्या ठिकाणी तात्पुरती सोय म्हणून माणशी रोज ८ ते १० लिटर, फक्त पिण्या-रांधण्यापुरतं, असा हिशेब सरकारी मार्गदर्शनातच आहे. पाच माणसांच्या घराला तीन-चार गुंड. अंघोळ, भांडी, जनावरं बोरिंगवरच. तुमच्या नकाशावर सरकी आहेच, तीतून तीन-चार दाणे वेगळे काढून दाखवा. 'बोरिंग बंद करणार' ही भीती निघून जाईल. सोबत तरोट्याची भाजी, दूध, आवळा. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाचा उपयोग होतो, पण पाण्याला तो पर्याय नाही.

प्रतिसाद ३ (गडचिरोलीहून)

आमच्याकडे मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळे ठेवले. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, कोणीही यावं, बाहेरच्यालाही बोलवावं. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा बसायचं. तुमच्याकडे समजणं आणि ठरवणं एकाच सकाळच्या एका प्रश्नात उरकलं गेलं.

पोड पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, येतो का ते तपासा. केळापूर तालुक्यातली बरीच गावं येतात. येत असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र नियमांनुसार पोडातले मतदार ठराव करून, स्वतंत्र गाव म्हणून मान्यतेसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. मग ग्रामसभा पोडाची, चावडी पोडाची. आधी नाईक आणि महाजन या पोडाच्या पारंपरिक पुढाऱ्यांशी बसा, त्यांना डावलून काही होणार नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. सरकीतून तीन-चार दाणे वेगळे काढण्याचं उद्याच करते, ते मला फार पटलं.

गडचिरोलीच्या दादांना एक विचारायचं आहे. सर्वसहमती मेंढ्यात रुजायला वर्षं लागली. आमच्याकडे गप्प बसणं हीच सहमती धरली जाते आणि पोडाच्या बैठकीतही बाया मागे, दाराबाहेर बसतात. नाईकांशी माझं बोलणं चांगलं आहे, पण बायांना आत, समोर बसवा हे बाहेरच्या बाईने सुचवावं का? तुमच्याकडे हे कसं सुरू झालं, कोणी आधी बोललं, ते सविस्तर लिहाल?

जलस्वराज्यवाल्या दादा, मडक्यांवरची चित्रं आमच्या मुलींकडूनच काढून घेणार आहे. मोटरच्या किल्लीची अट चित्रात कशी दाखवावी, सुचत असेल तर सांगा. आणि कोलामी नीट बोलता-लिहिता येणारं कोणी वाचत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. महिला सभा वेचणी आटोपली की, तूर सोंगायच्या आत घ्यायची आहे.