मदत हवी आहे : नाताळच्या मॉडेल रेल्वेतील दिवे
नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या घरी नाताळच्या झाडाभोवती धावणारी, तीन रुळांची ओ गेज (मॉडेल रेल्वेचे एक ठरावीक माप) मॉडेल रेल्वे आहे. गाडी वळणावर आली की डब्यांच्या छतावरील रंगीत दिवे लुकलुकतात आणि शेवटच्या डब्यातील तर लागतच नाहीत. मधल्या रुळावरून वीज घेणारे रोलर काळवंडले होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर थोडाच फरक पडला. रुळांवर १८ व्होल्टपर्यंत एसी (दिशा बदलत राहणारी) वीज येत असल्यामुळे ती एकाच दिशेने वाहती करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि वीज क्षणभर साठवून दिव्यांचे लुकलुकणे कमी करणारा ३५ व्होल्टचा, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून एलईडी बसवण्याचा विचार आहे. एकापुढे एक जोडलेल्या तीन एलईडींच्या माळेला प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी किती ओहमचा रेझिस्टर लावावा आणि नाजूक रंगकामाला धक्का न लावता डब्याचे छत कसे उघडावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.