भुताचे बाहुलीपट पोट्ट्यांना दाखवावे का?

नंदीवाला_भंडारा
काल इथं कोणी लिहिलं, "'कोरलाईन'सारखे भुताचे बाहुलीपट लहान पोरांना दाखवणारे आईबाप बेजबाबदार." वाचून डोकं तापलं. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवतो मी, हाताचं काम ओळखू येते. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चित्रं. बाहुली केसभर सरकवा, फोटो काढा, परत सरकवा. 'कोरलाईन'मधल्या पोरीचं इवलंसं स्वेटर खरंच सुयांवर विणलेलं. म्हणून तिथला अंधारही खरा वाटते. अन् गोष्ट काय? खऱ्या आईसारखीच दिसणारी दुसरी आई गोडधोड खाऊ घालते, मग म्हणते डोळ्यांवर बटनं शिवू दे. पोरगी नाही म्हणते. हे नको शिकवायला? पोळ्याला मारबतीचा भेसूर पुतळा काढतो तेव्हा पोट्टे पुढंच असतात नं!

ताई_ब्रह्मपुरी
ते मीच लिहिलं होतं. मारबत गावाबाहेर नेऊन जाळता भाऊ, मोबाईलात ठेवत नाही. माझी लेक तो सिनेमा पाहिल्यापासून झोपताना माझ्या डोळ्यांवर बोट फिरवून पाहे. रात्री अंगणात एकटी जाईना. कला तुमच्यापाशीच राहू द्या.

ओलितवाला
अंगणाची भीती! आमच्याकडं मोटरची लाइन रात्री येते. उन्हाळी धानाला पाणी सोडायला जा, तर बांधीत वाघाचे ताजे ठसे. आमच्यावर काढा म्हणा सिनेमा.

रीळवेडा
विषय काय, बोलता काय! टिम बर्टननं हे सारं कधीच दाखवलं आहे, १९९३ च्या 'नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'मध्ये.

नंदीवाला_भंडारा
तो दिग्दर्शित केला हेन्री सेलिकनं. २००९ चा 'कोरलाईन'ही त्याचाच. बर्टन तिथं निर्माता होता. राबणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, आमच्या धंद्यातही हेच.

ओलितवाला
अन् राबणाऱ्याला रात्रीची लाइन!

शिवारातला
ओलितवाले दादा, रात्री लाइन तरी येते. आमचं रोहित्र जळून पडलं आहे, नवीन बसवायचं कोणी नाव घेत नाही. धान वाळलं.

ओलितवाला
म्हणजे वाघापुढं उभं राहायचं म्हणून आम्ही नशीबवान? तुम्ही या एक रात्र.

शिवारातला
तुम्ही या, वाळलेला धान पाहायला. काहून मोठेपणा सांगता?

ताई_ब्रह्मपुरी
भांडा बाप्पा! नंदीवाले, एक मान्य करते. स्वेटरचं पोरीला सांगितलं, तर बाहुलीसाठी तसंच विणून मागते आहे. आता विणायला तुम्हीच या, मला वेळ नाही. पण सहा वर्षांच्या लेकराला तो सिनेमा नाहीच.

नंदीवाला_भंडारा
दहाची झाल्यावर दाखवा. माप पाठवा बाहुलीचं, बायको विणते.

ओलितवाला
अन् दिवसाच्या लाइनचं?