शब्दचर्चा : 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' एकच का?

प्रश्न : परवा पुण्यात नाना पेठेत स्कूटरचे ब्रेक शू घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कंपनीचा देऊ, ओईएम देऊ की लोकल?" मी पटकन म्हणाले, "डुप्लिकेट नको हं काका." त्यांचा चेहराच उतरला. "ताई, लोकल म्हटलं मी. डुप्लिकेट ठेवत नाही आपण." या शब्दांत खरंच फरक आहे का? आणि पाटीवरचा 'सुटे भाग' हा शब्द कुणाच्याच तोंडी का नाही?

उत्तर : मीही त्याच पेठेत काउंटरला उभा असतो, वीसेक वर्षं झाली. काका का दुखावले ते मला कळतं. तुम्ही त्यांना नकळत खोटा माल विकणारा म्हणालात.

'कंपनीचा' किंवा 'ओरिजिनल' म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या खोक्यातून, तिच्या पार्ट नंबरसकट आलेला. पण कुठलीच गाडी कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. केबल, बेअरिंग, हॉर्न, ब्रेक शू हे बरेचदा बाहेरचे कारखानदार पुरवतात. तोच कारखानदार तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या खोक्यात बाजारात आणतो, तेव्हा आम्ही त्याला 'ओईएम' (ओरिजिनल इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरर) म्हणतो. गंमत अशी, की चाकणच्या गाडी कारखान्यात ओईएम म्हणजे खुद्द गाडी कंपनी आणि आमच्या काउंटरवर ओईएम म्हणजे तिला पुरवणारा. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबर बोलत असतात.

'लोकल'चा गावाशी काही संबंध नाही. दिल्लीहून किंवा राजकोटहून आलेला मालही लोकलच, आणि भोसरीत बनलेला पार्ट कंपनीच्या खोक्यात बसला की ओरिजिनल. जो कुठल्याच गाडी कंपनीला जात नाही, पण स्वतःच्या नावाने किंवा साध्या पिशवीत स्वस्तात विकला जातो, तो लोकल. काही लोकल माल चांगला टिकतो, काही सहा महिन्यांत हात टेकतो. पण तो गिऱ्हाइकाला फसवत नाही. मी अमुक नाही, हे तो उघड सांगतो.

'डुप्लिकेट' मात्र दुसऱ्याचं नाव लावून येतो. शब्द मुळात साधा आहे. डुप्लिकेट चावी आपण राजरोस करून घेतो, आणि मार्कशीट हरवली तर बोर्डच डुप्लिकेट देतं, ती पूर्ण अस्सल असते. आमच्या धंद्यात आल्यावर याच शब्दाला खोटेपणा चिकटला. मला विचाराल तर इथे 'बनावट' म्हणावं, म्हणजे बिचाऱ्या लोकलवर आळ येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा मागचा ब्रेक शू हातात घेऊन आला. लायनिंग, म्हणजे शूवरची घासणारी पट्टी, शूवरून अख्खं सुटून आलं होतं, कात्रजच्या उतारावर. सुदैवाने पुढचा ब्रेक लागला. खोकं त्याने जपून ठेवलं होतं. नाव नामांकित, पण छपाई पुसट, आणि खोक्यावरचा पार्ट नंबर मी यादीत पाहिला तर दुसऱ्याच मॉडेलच्या केबलचा निघाला. शूच्या ॲल्युमिनियमवर कुठे खूण नाही, शिक्का नाही. दुकानदाराने त्याला "लोकल आहे" सांगितलं असतं तर त्याने कदाचित घेतलाच नसता. म्हणून मी या दोन शब्दांसाठी भांडतो.

'सुटे भाग' हा चांगला मराठी शब्द, पण त्याचा अर्थ जरा वेगळा : गाडीपासून सुटा करता येतो तो. स्पेअर म्हणजे जादाचा, राखून ठेवलेला. स्टेपनी हा शब्द त्या अर्थाला जास्त जवळचा. तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४च्या सुमारास तिथे जादाचं चाक विकायला लागले, आणि हा शब्द इंग्रजांच्या तोंडून गेला तरी आपल्याकडे टिकला. बोलताना आम्ही 'पार्ट' म्हणतो, मेकॅनिक 'माल' म्हणतात.

आणखी एक : मेकॅनिक 'चेन सॉकेट' म्हणतात ते चूक का?

उत्तर : मूळ शब्द स्प्रॉकेट. पण 'चेन सॉकेट' म्हटल्यावर चेन आणि पुढचं-मागचं दातेरी चाक असा पूर्ण सेटच हातात येतो, कुणाचा घोटाळा होत नाही. वॉशरचं वायसर, शॉक अॅब्सॉर्बरचं शॉकअप, सेल्फचं सेल हेही तसेच. मी ते दुरुस्त करत नाही, माझ्याही तोंडात तेच बसलेत.

प्रश्नकर्ती : मग पुढच्या वेळी काउंटरवर काय म्हणू?

उत्तर : "ओईएम दाखवा" म्हणा, आणि काढलेला जुना शू पिशवीत घालून आणा. त्याला आम्ही नमुना म्हणतो. ब्रेकचा ड्रम ११० मिलिमीटरचा की १३०चा हे मॉडेलच्या नावावरून दर वेळी कळत नाही, नमुना समोर ठेवला की लगेच कळतं. आणि बिलावर ब्रँडचं नाव लिहून घ्या.