सर्जरी रेसिडेन्सीच्या मधलं संशोधनाचं वर्ष : प्रश्न मोठा, वर्ष एकच. मदत हवी आहे

नमस्कार. जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष संपत आलंय. आमच्याकडे मधे एक वर्ष फक्त संशोधनासाठी घेता येतं. त्या काळात वॉर्ड नाही, इमर्जन्सी ड्यूटी नाही. घ्यायचं हे नक्की आहे. अडलंय ते पुढे.

पोटावरच्या मधल्या उभ्या छेदातून नंतर होणाऱ्या हर्नियावर मला काम करायचंय. नेदरलँड्समधली 'स्टिच' चाचणी (२०१५) अनेकांनी वाचली असेल. ५६० रुग्ण, सगळ्या नियोजित शस्त्रक्रिया. पोट बंद करताना १ सेंटिमीटरचे मोठे टाके घेतलेल्यांत वर्षभरात २१ टक्के हर्निया, ५ मिलिमीटरचे लहान टाके घेतलेल्यांत १३ टक्के. ते वाचल्यापासून पोट बंद करायची वेळ आली की माझं सगळं लक्ष टाक्यांवर असतं. मी रात्री-अपरात्री बंद करते ती पोटं मात्र बहुतेक तातडीची, पू झालेली, आतडं सुजलेलं. त्या रुग्णांत काय होतं, हे मला बघायचंय.

पण हर्निया झाला की नाही हे कळायलाच किमान वर्ष जातं! त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी, मग रुग्ण गोळा करणं. गाइड म्हणतात, जखमेचा संसर्ग मोज, ३० दिवसांत उत्तर हातात येतं. सल्ला व्यवहाराचा आहे, पटतोही. तरी मूळ प्रश्न सोडवत नाही. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, आत्ताच मंजूर करून तिसऱ्या वर्षात ड्यूटी सांभाळत रुग्ण घ्यायला लागायचं, आणि फॉलो-अप व विश्लेषण संशोधनाच्या वर्षात करायचं, असं कुणाला जमलंय का? की जुन्या केसपेपरांवरून सुरुवात करू? त्यात टाक्यांचं अंतर कुणी लिहिलेलंच नसतं, ही माझी भीती.

दुसरी काळजी हाताची. तिसऱ्या वर्षानंतर गेले तर लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा) हात नुकता कुठे बसलेला असेल. अशा वर्षाहून परतलेली एक सिनियर म्हणाली, हात तीन आठवड्यांत परत आला, पण रात्री पोट उघडायचं की थांबायचं हा निर्णय घेताना बरेच महिने चाचरायला व्हायचं. हे ऐकून मी खरंच घाबरलेय. आठवड्यातून एक दिवस ऑपरेशन थिएटर मागून घेतलेलं कुणी आहे का? संशोधनाच्या कामात त्याने कितपत खंड पडला? घरी बॉक्स ट्रेनरवर (लॅप्रोस्कोपीच्या सरावाची पेटी) सराव पुरतो का?

प्रोटोकॉल दोन महिन्यांत द्यायचाय. त्यामुळे रुग्ण आधीपासून घेण्याबद्दल कुणाला अनुभव असेल तर आधी तेवढं सांगा.